चांदण्यातले जपानी प्राणी आणि ती फिरणारी पोस्ट

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. जपानी चित्रकार हिरोशिगेचे चंद्रासमोरून उडणारे रानहंस, तसाच दुसरा चित्रकार कोसोन, त्याचं चांदण्यातलं घुबड वगैरे फोटो, आणि खाली लिहिलंय की ही शेकडो वर्षांपूर्वी झेन साधूंनी एकांतात हाताने रंगवलेली एकमेव चित्रं आहेत, चंद्राला पांढरा रंग दिलाय आणि प्राणी म्हणजे माणसाचं एकटेपण. चित्रं अप्रतिम आहेत, पण मजकूर जवळपास सगळा चुकीचा आहे.

आधी साधूंचं. हिरोशिगे (१७९७–१८५८) एदोच्या (म्हणजे आजच्या टोकियोच्या) किल्ल्यावर आग विझवणाऱ्या सामुराईंच्या घरातला. आणि ओहारा कोसोन तर १९४५ साली वारला, त्याची बरीच प्रिंट्स विसाव्या शतकात अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी छापली गेली.

‘हाताने रंगवलेली, एकमेव’ हे मला सगळ्यात जास्त खटकतं. ही छापील चित्रं आहेत हो, लाकडी ठशांनी छापलेली! चित्रकार रेषांचं ड्रॉइंग देणार, ते चेरीच्या फळीवर उलटं चिकटवून कोरणारा कोरणार, पिसाची एकेक रेघ त्याच्या सुरीची, मग बहुतेक प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, आणि छापणारा ओलसर कागद खुणेला बरोबर लावून मागून हाताने घासणार, पैसा प्रकाशकाचा. अशा शेकडो प्रती निघायच्या आणि एदोतली साधी माणसंही त्या विकत घ्यायची.

चंद्राचंही तसंच. बहुतेक प्रिंट्समध्ये चंद्राला रंगच नसतो, तो कोरा कागद असतो. आकाशाच्या ठशात तेवढा गोल खोदून काढतात आणि भोवती रंग चढतो, आणि निळा हळूहळू फिका होत जातो ना, ते बोकाशी, म्हणजे छापणारा प्रत्येक प्रतीसाठी ठशावरचा रंग ओल्या ब्रशने किंवा फडक्याने नव्याने पसरवतो. ते चांदणं त्याच्या हातातलं आहे.

एकटेपणाचं म्हणाल तर चंद्र आणि रानहंस ही तिकडे शरदाची ठरलेली जोडी. हिरोशिगेच्या त्याच चित्रावर ओळ आहे, अशी रात्र पुन्हा येईल का, अशा अर्थाची. १९४९ मध्ये जपानने त्याचं पोस्टाचं तिकीट काढलं. चंद्रावरचा ससा तर शशजातक या बौद्ध कथेतून, म्हणजे आपल्याकडूनच तिकडे पोचला, भुकेल्या पाहुण्यासाठी आगीत उडी घेणारा तो ससा. योशितोशी या चित्रकाराच्या १८८९ च्या प्रिंटमध्ये भल्यामोठ्या चंद्रापुढे ससा आणि माकडराजा सोन्गोकू आहेत, दोघंही अंगात जोर भरलेले, त्यात एकटेपण कुठून आणायचं?

योशितोशीच्या चंद्राच्या त्या शंभर चित्रांच्या मालिकेत (१८८५–१८९२) कित्येक कागदांवर कोरणाऱ्याचं नावसुद्धा छापलेलं आहे, कुठे यामामोतो, कुठे एनकात्सू. शेअर करताना निदान कडा कापू नका, नाव बहुतेक तिथेच असतं.