‘झोपताना १० मिलिग्रॅम घ्या’: मेलाटोनिनच्या मेसेजमध्ये काय चुकतंय

सोलापूरच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा: ‘मेलाटोनिन शरीरातच तयार होतं, म्हणून निर्धोक. झोपताना १० मिलिग्रॅम घ्या, लगेच गाढ झोप. मुलांनाही चालतं. रात्रपाळीवाल्यांना तर वरदान.’

‘लगेच गाढ झोप’? मेलाटोनिन हे शरीरातलं झोपेचं हार्मोन, गोळीतून घेतलं तरी ते गुंगी आणत नाही. रात्र झाली, एवढा निरोप शरीराला देतं. २०१३ साली १९ चाचण्यांचा एकत्रित हिशेब निघाला: झोप सरासरी ७ मिनिटं लवकर लागली आणि ८ मिनिटं वाढली. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली डोळा लागत नाही, कारण झोपेसाठी शरीराचं तापमान जरा उतरावं लागतं, ते उतरत नाही. तिथे संध्याकाळी पत्र्यावर पाणी मारणं किंवा गच्चीवर अंथरूण टाकणं जास्त कामाचं.

‘१० मिलिग्रॅम’ कशाला? मात्रा वाढवली म्हणून झोप वाढत नाही. अर्धा ते ३ मिलिग्रॅम बहुतेकांना पुरतं. जास्त घेतलं की सकाळी डोकं जड, गाडीवर झापड. शिवाय डबीवरच्या आकड्याचा भरवसा नाही. २०१७ मध्ये कॅनडात ३१ उत्पादनं तपासली, तेव्हा एकात लिहिल्यापेक्षा ८३ टक्के कमी, तर दुसऱ्यात ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघालं. आठांत तर चक्क सेरोटोनिन हे मेंदूतलं दुसरंच रसायन होतं.

‘निर्धोक’ म्हणाल, तर वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) किंवा फ्लुवोक्सामिन (नैराश्यावरचं औषध) चालू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ते परस्पर घेऊच नये. मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास अडकणं असेल, तर आधी झोपेची तपासणी करून घ्या.

रात्रपाळीचं दुखणं खरं आहे, म्हणून त्यावर नीट बोलू. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून सकाळी सुटलेला कामगार लख्ख उन्हातून घरी येतो. ते ऊन मेंदूला ‘दिवस उजाडला’ सांगतं आणि गोळीचा निरोप पुसून टाकतं. म्हणून घरी येताना टोपी आणि गडद चष्मा घाला, गाडी चालवताना डुलकी येत नसेल तरच. घरी खिडकीवर जाड सोलापुरी चादर दुहेरी करून ताणून बांधा. हात पुढे धरला तर बोटं दिसू नयेत इतका अंधार हवा. फोन दुसऱ्या खोलीत. २० मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसा, पेंग आली की परत आडवे व्हा. चहा पाळीच्या सुरुवातीला घ्या. पहाटेचा, सुटायच्या आधीचा कप सोडा, कारण झोपण्याआधीच्या ६ तासांत घेतलेलं कॅफिनही झोप मोडतं.