बिनमिठाचा पेला

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची नोटीस आली की सांगलीत घरोघरी ज्वालामुखी तयार व्हायला लागतात. खायचा सोडा, व्हिनेगर, वर लाल रंग. दिसायला झकास, पण त्यात कुणी कुणाला काही विचारलेलंच नसतं, म्हणून मी त्याला प्रयोग म्हणत नाही. प्रश्नच हवा असेल तर तो गावाबाहेर रानात पडलाय. मिरज, पलूस, वाळवा भागात उसाला पाणी पाजून पाजून कृष्णाकाठच्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या, म्हणजे मातीत क्षार साठून बिघडल्या. मग विचारा, पाण्यात मीठ वाढवत नेलं तर मुगाची उगवण किती मार खाते?

इथवर सगळं सोपं. ताप पुढे आहे.

बदलायचं फक्त मीठ. मोजायचं ते किती मूग उगवले आणि सातव्या दिवशी उंची किती झाली. माती, पेला, पाणी, ऊन आणि मुगाचं वाण यांतलं काहीही इकडचं तिकडे होऊ द्यायचं नाही. पुस्तकात यांना अनुक्रमे स्वतंत्र चल, अवलंबी चल आणि नियंत्रित चल म्हणतात आणि पोरं ते पेपरात बिनचूक लिहितात. घोळ घरी होतो. घरातली माणसंही चलच असतात आणि ती कुणाच्या बापाला ऐकत नाहीत.

मिठापासून सुरुवात करू. ‘अर्धा चमचा’ हे माप आमटीला ठीक. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावरही २ ग्रॅमचा भरवसा नाही. म्हणून २० ग्रॅम बारीक मीठ विरघळवून बरोबर १ लिटर पाणी करायचं. त्यातलं १०० मिली घेऊन साध्या पाण्याने लिटरभर केलं की लिटरला २ ग्रॅम झालं. २०० मिली घेतलं तर ४, आणि ४०० घेतलं तर ८. चौथं पाणी बिनमिठाचं. तेच आपलं कंट्रोल, म्हणजे तुलनेचा पेला.

या चौथ्याचे हाल कुत्रा खात नाही. ‘त्यात काही घालायचं नाही ना?’ म्हणून कुणी त्याला पाणीच घालत नाही. बाबांनो, बिनमिठाचा म्हणजे बिनपाण्याचा नव्हे! इतरांना २० मिली, तर त्यालाही २० मिली, आणि तेही त्याच नळाचं. त्याला फिल्टरचं आणि बाकीच्यांना बोअरचं घातलंत तर संपलं. बोअरच्या पाण्यात मुळातच क्षार असतात, मग फरक मिठाने पडला की बोअरने, हे सांगणार कोण?

प्रत्येक पाण्याचे तीन पेले, एकूण बारा. प्रत्येकात एकाच ढिगातली चाळलेली माती १५० ग्रॅम, बुडाला सारखी तीन भोकं, कोरडे मूग दहा, तेही भुंग्याने न पोखरलेले. मोड आलेले नकोत. उगवण मोजायची असताना ती फडक्यातच उरकलेली असते. पहिल्या दिवशी ५० मिली, मग रोज २०. तीन पेले अशासाठी की एकात मुंग्या शिरल्या, तर खापर मिठावर फुटू नये. खिडकीकडचे कोंब उजेडाकडे झुकतात आणि कमी उजेडातले उगाच लांबतात, म्हणून रोज जागा बदलायच्या, आणि उंची मोजताना वाकड्या देठाला दोरा लावून मग तो पट्टीवर धरायचा.

आता आजी. त्यांचा जीव ८ ग्रॅमवाल्यांत अडकलेला. ‘काय घोडं मारलंय रे त्यांनी? खारं पाणी पाजताय!’ असं म्हणत दुपारी सगळे झोपले की तिथे तांब्याभर गोडं पाणी पडतं. मीठ भोकातून खालच्या ताटलीत उतरतं, मूग तरारतात, आणि पोरगं वहीत लिहितं: ‘मीठ जास्त, मूग जोमदार.’ पोराचंही काही खरं नाही. बिनमिठाचा जिंकावा अशी त्याची इच्छा, म्हणून तिथे पट्टी नकळत अर्धा सेंटिमीटर सैल पडते. यावर इलाज एकच. पेल्यांच्या बुडाला खुणा, वर फक्त आकडे, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवायच्या आणि मोजणारा वेगळा ठेवायचा. कोणता पेला खारा हे आजींनाही कळता कामा नये. घरात गुपित राहणं हेच मुळात अवघड.

बिनमिठाच्या तीस मुगांतले समजा सत्तावीसच उगवले, तर राहिलेल्या तिघांच्या जागी गुपचूप नवे टोचू नयेत. ते तीन फार कामाचे. तेवढे मूग मिठाशिवायही दगा देतात, एवढं कळलं की खाऱ्या पेल्यांतले तेवढे मिठाच्या नावावर मांडायचे नाहीत. परीक्षक ‘यात काहीच नाही, मग ठेवलाय कशाला?’ असं विचारणारच, तेव्हा हे उत्तर तयार असावं. आणि तिथे निम्मेही उगवले नाहीत, तर डब्यातले मूग जुने आहेत. नवे आणा, पहिल्यापासून मांडा.

आजींच्या तांब्यात मात्र दुसरा प्रयोग दडलेला आहे. बुडाला भोकं नसतील तर पाणी उडतं आणि मीठ मातीतच बसतं. लिटरला ४ ग्रॅमच्या पाण्याने सात दिवसांत पेल्यात जवळजवळ ०.७ ग्रॅम साठतं. रानाचंही तेच होतं, म्हणून क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइप पुरून निचरा काढतात. तेव्हा पुढच्या खेपेला सगळ्यांना ४ ग्रॅमचंच पाणी, निम्मे पेले भोकांचे, निम्मे बिनभोकांचे, आणि आठव्या दिवशी प्रत्येकात गोडं पाणी २०० मिली, आजींच्याच हातून. त्यांना हे सांगितलं की त्या मोजपात्र उलटं करून बघतात आणि विचारतात, ‘एवढ्यानं काय होतंय?’