चोवीस आरे, चोवीस गुण? घटनेत कुठंय ते दाखवा

ऑगस्ट लागला की आमच्या तालमीच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. यंदाही आला, खाली जोडलेल्या हातांची रांग. मेसेज थोडक्यात असा: तिरंगा पिंगली वेंकय्यांनी १९२१ मध्ये तयार केला, तेव्हापासून तो जसाच्या तसा आहे. केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकीच्यांचा. गांधींना बाजूला सारायला चरखा काढून चक्र घातलं. आणि चक्राचे २४ आरे म्हणजे प्रेम, धैर्य, संयम असे २४ गुण, जे राज्यघटनेत लिहिलेत. पाठवणारे अण्णा वयाने मोठे, म्हणून तिथं गप्प बसलो. इथं लिहितो.

आधी ‘जसाच्या तसा’ घेऊ. १९२१ मध्ये बेझवाड्यात, म्हणजे आताच्या विजयवाड्यात, वेंकय्यांनी गांधींना दिलेला झेंडा लाल आणि हिरवा, दोनच रंगांचा. चरख्याची कल्पना जालंधरच्या लाला हंसराज यांची. पांढरा पट्टा गांधींनी घालायला लावला. यातून जो झेंडा झाला त्यात पांढरा सगळ्यात वर, मध्ये हिरवा, खाली लाल आणि मधोमध चरखा. तो आज आपल्या कोल्हापूरच्या पोलीस उद्यानातल्या ३०३ फुटी खांबावर चढवला, तर खालची निम्मी माणसं विचारतील, ‘कुठल्या देशाचा हो?’

रंगांच्या बाबतीत मेसेज अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त फसवा. १९२१ मध्ये लाल हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा, असं खुद्द गांधींनी लिहिलं होतं. पण एकदा रंग धर्मांना वाटले की वाटणीत कोण राहिलं हा प्रश्न येणारच. शिखांनी तो विचारला: आमचा रंग कुठाय? शेवटी १९३१ च्या एप्रिलमध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. पटेल, नेहरू, आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या, आणि आपल्या बाजूचे दोघे: साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर व हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर. या समितीने सुचवलं काय, तर अख्खा झेंडा एकाच केशरी रंगाचा आणि कोपऱ्यात तपकिरी चरखा! भगव्या निशाणाखाली वाढलेल्या कोल्हापूरकराला हे ऐकून बरं वाटेल, मलाही वाटलं. पण अखिल भारतीय काँग्रेस समितीने ऑगस्टमध्ये ते फेटाळलं. लाल रंगाच्या जागी केशरी आला, तो वर गेला, पांढरा मध्ये आला, आणि ठरावातच लिहिलं गेलं की रंगांना धर्माचा अर्थ नाही. केशरी धैर्य आणि त्याग, पांढरा शांती आणि सत्य, हिरवा श्रद्धा आणि शौर्य. म्हणजे अण्णांचा अर्थ जेमतेम दहा वर्षं चालला. बरं, हिरव्याचं नातं माती आणि झाडाझुडपांशी जोडलं ते राधाकृष्णन यांनी, १९४७ मध्ये. शाळेत आपण पाठ केलेली हिरवळ ती.

आता चरखा. २२ जुलै १९४७ ला घटना समितीत ठराव नेहरूंनी मांडला. मधलं चक्र चरख्याचं प्रतीक म्हणून असेल, असं त्या ठरावातच आहे. मग अख्खा चरखा का नको? नेहरूंनी दिलेलं कारण घरी करून बघण्यासारखं आहे. पांढऱ्या रुमालावर स्केचपेनने चरखा काढा, डावीकडे चाक, उजवीकडे सूत कातायची चाती. शाई पलीकडे उतरली की रुमाल उलटा धरा. चाक उजवीकडे गेलं, चाती डावीकडे आली. झेंडा दोन्ही अंगांनी सारखाच दिसायला हवा, आणि नुसतं चाक तसं दिसतं. गांधी यावर नाराज झाले हे खरं. पण म्हणून चक्र त्यांना बाजूला सारायला आणलं, असा अर्थ त्या ठरावातून तरी काढता येत नाही.

राहिले २४ गुण. राज्यघटनेत राष्ट्रध्वज भेटतो तो कलम ५१-क मध्ये, नागरिकांच्या कर्तव्यांत, आणि ते कलमही १९७६ मध्ये आलेलं. त्यात ध्वजाचा मान राखा एवढंच आहे, आऱ्यांचं नावही नाही. १९४७ चा ठराव म्हणतो की चक्र सारनाथच्या अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षावर आहे तसं असावं. तिथं सिंहांच्या पायाखालच्या गोल पट्टीवर हत्ती, घोडा, बैल, सिंह आणि त्यांच्या मध्ये मध्ये चक्रं कोरलीत, त्या चक्रांना २४ आरे आहेत. आकडा दगडातून आला. झेंड्याच्या सरकारी नियमांत, म्हणजे ध्वजसंहितेत, ‘सारख्या अंतरावरचे २४ आरे’ एवढीच ओळ, गुणबिण काही नाही. कुणी म्हणतं २४ म्हणजे दिवसाचे २४ तास. अहो, अशोकाच्या काळी दिवसरात्र मोजायचे ३० मुहूर्तांत. त्याच्या शिल्पकाराला आपलं घड्याळ कुठून माहीत असणार?

आणि बदल १९४७ ला थांबले असंही नाही. वर्षभर घरावर झेंडा लावायची मोकळीक २००२ च्या ध्वजसंहितेने दिली. ३० डिसेंबर २०२१ ला पॉलिस्टर आणि यंत्रावरचं कापड चालू झालं, तोवर नियमाने हातकताईचं, हातमागाचं कापडच लागायचं. २०२२ च्या जुलैपासून तो रात्रीही फडकवता येतो.

मेसेज आला त्याच संध्याकाळी बिंदू चौकात एका पोराकडून दहा रुपयांचा झेंडा घेतला. घरी येऊन चक्राचे आरे मोजले. दोनदा मोजले. १८ भरले. अण्णांच्या यादीतले कुठले सहा गळाले, ते ग्रुपवर विचारायचं अजून धाडस झालेलं नाही.