धने-जिऱ्याचं पाणी आणि लाल लघवी

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय. लघवीतून रक्त आलं पण दुखत नसेल तर ती उष्णता, धने-जिरे भिजवून पाणी प्या, तीन दिवसात साफ, डॉक्टरकडे गेलात तर सुई टोचतात आणि नसलेला कॅन्सर पसरतो, वर किडनी काढून आयुष्यभर डायलिसिस.

"दुखत नाही म्हणजे साधं". उलटंय हो! खड्याने माणूस गडाबडा लोळतो, इन्फेक्शनने जळजळ होते. लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण बहुतेकदा हेच, न दुखता येणारं रक्त. (बीट खाल्लं तरी लाल होते, मान्य, पण ते साध्या लघवी तपासणीत कळतं.)

"तीन दिवसात साफ" सगळ्यात घातक, कारण ते खरं ठरतं. गाठीतून रक्त येतं, आपोआप थांबतं, मग महिनोन्महिने काही नाही. आमच्या काकांची लघवी आमसुलाच्या सारासारखी झाली, काकूने धन्याचं पाणी दिलं, चौथ्या दिवशी स्वच्छ, काका खूश. पाच महिन्यांनी गुठळ्या येऊन लघवीच अडकली, रात्री दोनला रिक्षातून नेलं. चाळीस वर्षं बिडी, आणि या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या केसेसमागे तंबाखूचा धूरच असतो हे आम्हाला तेव्हा कळलं.

सुईचं म्हणाल तर पिशवीच्या गाठीला बाहेरून सुई टोचतच नाहीत. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात, तेच तुकडे तपासायला जातात, स्नायूपर्यंत गेलीय का ते त्यातूनच कळतं. वरवरची असेल तर पिशवी वाचते, आणि परत येण्याचा धोका जास्त वाटला तर बीसीजी, हो तीच बाळांना देतात ती टीबीची लस, नळीने पिशवीत सोडतात, आठवड्याला एक अशी सहा वेळा. १९७६ पासूनची माहिती आहे ही, काल-परवाची नाही.

आणि डायलिसिस? दुसरी किडनी धड असेल तर एकीवर भागतं, किडनीदान करणारे जगतातच की. किडनीतली गाठ लहान असेल तर बऱ्याचदा तेवढाच भाग काढतात. किडनीच्या निम्म्याहून जास्त गाठी तर दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफी नाहीतर सीटी स्कॅनमध्ये सापडतात, तिथे रक्ताची वाट बघत बसलात तर उशीर झालेला असू शकतो.

काकांची अजून दर तीन महिन्यांनी दुर्बीण होते, कारण ही गाठ परत उगवते. बिडी सुटली. धन्याचं पाणी मात्र चालू आहे, चव आवडते म्हणे.