करवंटीतलं केळं नेतं कोण?

फोंड्याच्या आमच्या तिठ्यावर रस-ऑम्लेटचा गाडा लागला की आम्ही चौघे कट्ट्यावर हजर. परवा विषय निघाला माझ्या परसातला. पेरूच्या फांदीला पाखरांसाठी दोन करवंट्या टांगल्यात. एकीत कण्या, दुसरीत केळं. दिवसा बुलबुल, तांबट येतात. पण चार दिवस झाले, सकाळी बघावं तर कण्या तशाच आणि रात्री उरलेलं केळं गायब.

"घूस," पिंटू पावाने रस पुसत म्हणाला. त्याला सगळीकडे घूसच दिसते. घूस कण्या सोडेल होय?

"मग वटवाघूळ." यात थोडा दम होता. पण वटवाघूळ रस गिळून चोथा थुंकतं, आणि झाडाखाली चोथा नव्हता. कुंपणाच्या चिऱ्यावर विष्ठा मात्र होती. बोटाएवढी, आत भेरली माडाच्या बिया, अख्ख्या, धुऊन ठेवल्यासारख्या. मी फोटो पुढे केला. गाडेवाल्याने तोंड फिरवलं.

"उदमांजर हे," भाई म्हणाला.

झालं! मास्तर उसळले. "ऊद म्हणजे पाणमांजर. खाडीत मासे खाणारं ते पेरूवर कशाला चढेल?"

दहा मिनिटं जनावर बाजूला आणि नावावरून भांडण. पंचाईत अशी की दोघंही बरोबर. एकच नाव लोक पाण्यातल्या आणि झाडावरच्या, दोन्ही जनावरांना लावतात.

शेवटी मी व्हिडिओ काढला. सात सेकंदांचा, अंधुक. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाशी नेला. "जवादी मांजर!"

"जवादीच्या शेपटीला कडी असतात, मास्तर. आणि ती बहुतेक जमिनीवरच हिंडते. ही शेपटी बघा, अंगाएवढी लांब, एकसारखी काळी."

"मग तपकिरी कांडेचोर. पश्चिम घाट सोडून जगात कुठे सापडत नाही!"

मास्तरांना दुर्मीळच हवं होतं. पण त्या तपकिरी भावंडाच्या तोंडावर मुखवटा नसतो; इथे डोळ्यांखाली पांढरट ठिपका सरळ दिसत होता, पाठीवर पुसट पट्टेही.

एवढ्यात माडाची ताडी, म्हणजे सूर, काढणारे आमचे रेंदेरमामा सायकल टेकवून डोकावले. "ह्यो? साधो कांडेचोर. माझ्या सुरेच्या मडक्यात तोंड घालतो मेलो." म्हणजे भाईचं उदमांजरच. इंग्रजीतही त्याला ताडीचं मांजर म्हणतात, ते उगाच नाही.

पिंटू सापळ्याचं बोलू लागला. भाईने १९७२ चा वन्यजीव कायदा काढताच गप्प झाला. मी म्हटलं, संध्याकाळी केळं काढून ठेवतो, म्हणजे प्रश्न मिटला.

"काढू नकोस," मास्तर उठत म्हणाले. "सात सेकंदांवर मी मान्य करणार नाही. आज रात्री येतो. केळी मी आणतो."