श्रद्धा कमी पडली, दुसरं काय!

गेल्या महिन्यात मी एका इस्पितळाच्या व्हरांड्यात लोखंडी बाकावर नऊ रात्री काढल्या. संसारी माणसाला इतका निवांत वेळ एरवी कुठे मिळतो? मनन-चिंतन पुष्कळ झालं आणि आदर्श श्रद्धाळू कॅथलिक कसा घडवावा, याची काही गुपितं हाती लागली. ती एकट्याने दाबून ठेवणं बरं नाही, म्हणून इथे मांडतो. वसईतल्या माझ्या बंधुभगिनींना ती जास्त उपयोगी पडतील. इतर धर्मीयांनीही खुशाल लाभ घ्यावा. पाट्या बदलल्या तरी आतला माल तोच असतो.

सुरुवात लहानपणापासून करा. मूल सात-आठ वर्षांचं झालं, पहिल्या कम्युनियनची तयारी लागली, की त्याचे प्रश्न बंद झाले पाहिजेत. धर्मशिक्षणाच्या पुस्तकात प्रश्नही छापलेले असतात आणि उत्तरंही, मग पोराने घरून वेगळा प्रश्न आणायचं कारणच काय? मी आणला होता. माझ्या आजीचं पहिलं बाळ जन्मल्यावर तासाभरात गेलं, बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडायच्या आत. त्याला सिमेट्रीत जागा मिळाली नाही, कुंपणाबाहेर चिंचेखाली पुरलं. अशी बाळं लिंबोत जातात, असं सिस्टरांनी शिकवलं. म्हणजे नरकात नाही, पण स्वर्गातही नाही, मधेच कुठेतरी. मी विचारलं, ‘‘मग आजी स्वर्गात गेली तर तिला बाळ भेटणार नाही?’’ सिस्टरांनी मला तास संपेपर्यंत गुडघ्यांवर बसवलं.

आजी पन्नासेक वर्षं रोज रात्री जपमाळ झाल्यावर त्या बाळासाठी वेगळी एक नमो मरिया म्हणायची. 2007 साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने अहवाल काढला, की लिंबो ही काही चर्चची अधिकृत शिकवण नव्हे आणि अशा बाळांचं तारण होतं अशी आशा धरायला जागा आहे. तोवर आजी जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हा मुलांना गुडघ्यांवर बसवत राहा. पुढेमागे एखादी समिती ‘पोराचा प्रश्न बरोबर होता’ असं ठरवेलही, पण दरम्यान गुडघे तरी मजबूत होतील.

ओस्ती, म्हणजे मिस्सात (चर्चच्या उपासनेत) मिळणारी पवित्र भाकर, दाताने चावली तर रक्त येतं, हेही सांगून ठेवा. (मी चावून पाहिली आहे. टाळूला चिकटते, बाकी काही होत नाही.)

घरात शुगर मोजायचं यंत्र ठेवू नका. आकडे श्रद्धेला मारक असतात.

आता मोठ्या माणसांकडे वळू. यांच्यासाठी हीलिंग साधनेसारखं, म्हणजे प्रार्थनेने रोग बरे करायच्या शिबिरासारखं, दुसरं साधन नाही. साधना निवडताना मांडव मोठा हवा, कीबोर्ड वाजवणारा हवा आणि मंचावर फादरपेक्षा ब्रदर, म्हणजे धर्मगुरू नसलेला प्रचारक, असलेला बरा. फादरांना सेमिनरीत सात-आठ वर्षं तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवतात, त्यामुळे त्यांना अधूनमधून संकोच वाटतो. ब्रदरला तसलं काही नसतं. पोपसाहेबांची अस्खलनशीलता, म्हणजे श्रद्धेच्या बाबतीत कधी न चुकणं, ठरवायला 1870 साली अख्खी व्हॅटिकन परिषद बसली होती, आमच्या ब्रदरला ती हातात माइक आल्याबरोबर मिळाली.

माझी मावशी एकाहत्तरची. शुगर वीस वर्षांची, दोन वेळा इन्शुलिन, वर गोळ्या, आणि उजव्या पायाच्या बोटाला बरी न होणारी एक जखम. तिला तीन दिवसांच्या साधनेला मीच माझ्या गाडीतून सोडलं. शेवटच्या दिवशी आणायला गेलो तेव्हा आरोग्यदानाची प्रार्थना चालली होती. ब्रदरने डोळे मिटले, कीबोर्ड हळू झाला. ‘‘डाव्या बाजूला, तिसऱ्या-चौथ्या रांगेत एक भगिनी आहे. तिला शुगर आहे. प्रभू या क्षणी तिला स्पर्श करतो आहे.’’ वसईत साठीपुढच्या बायकांच्या कुठल्याही दोन रांगांवर हे वाक्य फेकून बघा, निदान पाचजणी उठतील. उठल्याच. त्यात मावशी होती. ब्रदर हुशार. ‘गोळ्या बंद करा’ असं तो चुकूनही म्हणाला नाही. म्हणाला, ‘‘तुमचं तुम्ही ठरवा, प्रभू मोठा की गोळी मोठी.’’ मांडवभर आलेलुया.

घरी आल्यावर मावशीने ठरवलं. इन्शुलिनचं पेन केराच्या डब्यात गेलं, आणि ते सोळा दिवस कुणाला कळलं नाही, कारण यंत्र कपाटात आणि मावसभाऊ कुवेतला. तो तिकडून रोज सकाळी मरियामातेचा फोटो पाठवायचा, ही हात जोडायची, की दोघांची ख्यालीखुशाली संपली. सतराव्या दिवशी शेजारणीने फोन केला, ‘‘मावशी काहीतरी बरळतेय.’’ शुगर पाचशे चाळीस. पाय घोट्यापर्यंत सुजलेला, दोन बोटं काळी. ती दोन्ही काढावी लागली. घोट्याखालून पाय वाचला, तो सर्जन बाई रात्री दोन वाजता आल्या म्हणून.

तिसऱ्या रात्री मी साधनेवाल्यांच्या नंबरवर फोन लावला. एका गोड आवाजाच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘श्रद्धा कमी पडली असेल हो. घरात कुणी शंकेखोर आहे का?’’

आहे ना, मीच की! म्हणजे गँगरीन माझ्यामुळे. इन्शुलिन केरात टाकलं ते पवित्र आत्म्याने आणि बोटं काळी पडली ती माझ्या शंकेने. हा हिशेब शिकून घ्या, जन्मभर पुरेल. माणूस बरा झाला तर प्रार्थनेने. नाही झाला तर त्याची श्रद्धा कमी. श्रद्धा भरपूर असून नाही झाला तर घरातल्या कुणाची तरी कमी. आणि मेलाच, तर प्रभूने त्याला कायमचं आरोग्य दिलं. या धंद्यात नुकसान होतच नाही. मी भाजीचा व्यापार करतो, एक पाऊस वेळ चुकवून आला तर माझी पालेभाजी जाते. हे बरं आहे.

घरी येऊन तीन आठवडे होतात न होतात तोच, गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर मावशीला अल्तारासमोर उभं केलं. साक्ष द्यायला. वॉकर धरून ती म्हणाली, ‘‘प्रभूने मला मरणाच्या दारातून परत आणलं.’’ टाळ्या. सर्जन बाईंचं नाव नाही, रोज ड्रेसिंग करणाऱ्या पोरीचं नाही, इन्शुलिनचं तर नाहीच नाही. आणि त्या दोन बोटांबद्दल चकार शब्द नाही, ती काय परत येणार होती थोडीच. इस्पितळाच्या बिलावर मात्र प्रभूची सही चालत नाही. तिथे माझी आहे.

असो. मी जरा वाहवलो. पुढचा उपदेश.

चमत्कार मोजू नका, मोजले की कमी होतात. फ्रान्समध्ये लूर्दला 1858 साली मरियामातेची दर्शनं झाली. तेव्हापासून तिथे बरं झाल्याचे सात हजारांवर दावे नोंदवले गेले. तिथे 1883 पासून डॉक्टरांचं कार्यालयच बसवलेलं आहे. ते जुने रिपोर्ट मागतं, वर्षानुवर्षं रोगी तपासतं, त्यानंतर बिशप ठरवतात. एवढं करून चर्चने आजवर मान्य केलेले चमत्कार जेमतेम सत्तर-बहात्तर. आमच्या मांडवात तेवढे जेवणाच्या सुट्टीच्या आत होतात, रिपोर्ट बिपोर्ट काही न मागता.

कुणी मोजायला आलाच तर त्याचं काय करायचं, तेही आपण शिकलो आहोत. मार्च 2012. मुंबईत इर्ल्याच्या वेलंकणी माता चर्चजवळच्या क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं. लोक तीर्थ म्हणून भरून नेऊ लागले. सनल इडमारुकू नावाचा विवेकवादी आला. त्याने मागची भिंत पाहिली, गटार पाहिलं आणि सांगितलं, की तुंबलेलं पाणी केशाकर्षणाने भिंतीतून चढतंय. आपण काय केलं? गटार साफ केलं? छे. त्याच्यावर 295-अ, म्हणजे धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली तक्रारी केल्या. त्याच वर्षी तो देश सोडून फिनलंडला गेला.

दुसऱ्यांच्या बुवांना मात्र मनसोक्त हसा. त्यांचा तो भोंदू, आपला तो ब्रदर. त्यांचा अंगारा, आपलं तेल. 2013 साली दाभोलकरांचा खून झाला आणि राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा आला, तेव्हा आमच्या आळीत सगळे ‘बरं झालं, त्यांच्यात फार चालतं’ म्हणत होते. मीही म्हणालो होतो. चमत्काराने रोग बरा करण्याची जाहिरात करू नये असा 1954 सालचा एक कायदा आहे आणि त्यातल्या रोगांच्या यादीत मधुमेह नावानिशी आहे. आमच्या साधनेचा बोर्ड हायवेवरून वाचता येतो.

शेवटचा उपदेश : बायबल चुंबा, डोक्याला लावा, पण वाचू नका. वाचलंत तर पंचाईत होईल. कॅथलिक बायबलात सिराकचं पुस्तक आहे, त्याचा 38वा अध्याय. वैद्याचा मान राखा, औषधं देवानेच मातीतून उगवली आहेत, शहाणा माणूस ती झिडकारत नाही, असं त्यात चक्क लिहिलंय. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. येशू मेलेल्यांतून उठला याची तोमा या शिष्याने शंका घेतली, तर येशूने त्याला ‘घरात शंकेखोर कोण?’ असं विचारलं नाही, हात पुढे कर म्हणाला, जखमा दाखवल्या. ईस्टरनंतरच्या रविवारी दर वर्षी हेच वाचन असतं, आणि दर वर्षी प्रवचनात तोमालाच बोलणी बसतात. आणि ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी वाचतात ते तर विचारूच नका. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि म्हणतो, टाक उडी, देवदूत झेलतील. येशू म्हणतो, देवाची परीक्षा पाहायची नसते.

इन्शुलिन केरात टाकणं म्हणजे तीच उडी आहे. मंचावरून ‘टाक उडी’ म्हणणारा कोण, ते ज्याने त्याने शुभवर्तमानात पाहून घ्यावं.

बास झाले उपदेश. आता सरळ बोलतो, राग आला तर येऊ दे.

फादर, त्या रविवारी तुम्ही अल्तारावर खुर्चीत बसला होता आणि टाळ्या वाजवत होता. तुम्हाला सगळं ठाऊक आहे. 14 सप्टेंबर 2000 ला व्हॅटिकनने आरोग्यप्रार्थनांबद्दल सूचना काढली, रात्झिंगरांच्या सहीने. तेच पुढे पोप झाले. प्रार्थना औषधोपचाराच्या आड येत नाही, उलट उपचार घ्यायलाच सांगते, असं त्यात आहे. उन्माद, नाटकीपणा, सनसनाटी चालणार नाही, असं त्यात आहे. ती माझ्यासारख्या भाजीवाल्याला मोबाइलवर सापडली, तुमच्या कपाटात नसेल? याच वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी गुंडांच्या समोर उभे राहिले. तुमच्यासमोर गुंड नव्हता हो. वॉकर धरलेली एक म्हातारी होती. माइक घेऊन एवढंच म्हणायचं होतं, ‘‘मावशी बऱ्या झाल्या, देवाचे आणि डॉक्टरांचे आभार, कुणी गोळ्या बंद करू नका.’’ दहा सेकंदांचं काम. बिंगोच्या तिकिटांची सूचना तुम्ही चार मिनिटं केलीत.

आणि आपण सगळे. ज्यांना हे कळतं आणि जे मागच्या बाकावर गप्प बसतात. शिकलेले, मुंबईला नोकरीला जाणारे, मुलांना इंजिनिअर करणारे. आपल्याला चर्चशी वाकडं घ्यायचं नसतं. उद्या पोराचं लग्न आहे, परवा बापाला पुरायचं आहे, फादरांची सही लागते. म्हणून आपण दात काढून ‘त्यांची श्रद्धा आहे’ म्हणतो आणि गाडी काढून देतो. मी दिली. मांडवाच्या दाराशी उभं राहून मी ब्रदरचं ते वाक्य माझ्या कानांनी ऐकलं. परतीच्या वाटेवर मावशी म्हणाली, ‘‘पोरा, आता माझी शुगर गेली.’’ त्या वेळी गाडी बाजूला घेऊन मी तिला दोन शब्द बोलायला हवे होते. मी रेडिओ लावला. भांडण नको म्हणून. तिच्या दोन बोटांत माझा वाटा आहे, आणि तो श्रद्धा कमी पडल्याचा नाही.

मी अजून रविवारी मिस्साला जातो. कुठल्या बाकावर बसतो ते विचारू नका.

मावशीला पुढच्या महिन्याच्या साधनेत परत साक्ष द्यायला बोलावलंय. तिने गाडी मागितली, मी नाही म्हणालो. चार दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. इन्शुलिन घेते, पण मी समोर उभा राहिलो तरच, आणि तेही तोंड फिरवून.