काखेत पर्स, जगाला वळसा

खांद्याला लटकवायच्या वस्तूच्या तीन जाती. हरवली तर फक्त आतल्या सामानाची हळहळ वाटते ती पिशवी. सामानाइतकीच तिचीही वाटते ती पर्स. आणि सामान गेलं खड्ड्यात, ती तेवढी परत मिळू दे, असं जिच्याबद्दल वाटतं ती डिझायनर हँडबॅग. मला हवी होती दुसरी आणि तिसरीच्या मधली. इथेच साडेसाती लागली.

जुन्या पर्सचे पोपडे निघू लागले होते. घेताना ती लेदरची होती, निदान विकणाऱ्याचा तसा आग्रह होता. आता खांद्यावरचा काळा चुरा झटकताना कळतं की तो कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर होता आणि हवेतली ओल खाऊन तो कधी ना कधी सुटतोच. म्हटलं, या खेपेला चांगली घेऊ. एकदाच घेऊ. (हे 'एकदाच घेऊ' त्या पर्सच्या वेळीही म्हटलं होतं.)

मग अभ्यास. तीन आठवड्यांत मी लोकांच्या तोंडाऐवजी बुटांकडे बघून बोलायला लागले. 'जेन्युइन लेदर' वाचून विरघळायचं नाही, हे पहिलं ज्ञान. ते शब्द एवढंच सांगतात की यात कातडं आहे. कुठल्या थराचं, किती चांगलं, यावर मौन. 'फुल ग्रेन' म्हणजे सगळ्यात वरचा, न घासलेला थर, जनावराच्या आयुष्यातल्या ओरखड्यांसकट. साफियानो नावाच्या लेदरवर आडव्यातिडव्या बारीक रेघांचा ठसा असतो, त्यामुळे नवे ओरखडे लपतात. नवऱ्याला विचारलं, "आपल्याला ओरखडे दिसायला हवेत की नकोत?"

"बॅगेवर की माझ्यावर?"

मग ब्रँड. कोच की केट स्पेड यात दोन दिवस गेले. कोच १९४१ पासूनची, मुरलेली; केट स्पेड १९९३ ची, रंगीबेरंगी, हसरी. बहिणीशी तावातावाने भांडून कोचची बाजू पटवली, आणि मग कळलं की २०१७ मध्ये कोचवाल्यांनीच केट स्पेड विकत घेतली. दोघी जावा एका घरात सुखाने नांदतायत आणि आम्ही बाहेर त्यांच्यावरून झिंज्या उपटतोय!

त्यात सेल. खोडलेली किंमत पाहून माझं भान सुटतं. पण बरेच ब्रँड आउटलेटसाठी, म्हणजे त्यांच्या सवलतीच्या दुकानांसाठी, वेगळाच माल बनवून घेतात, म्हणजे ती खोडलेली किंमत बहुधा कुणी कधी मोजलेलीच नसते. न झालेल्या लग्नाचा घटस्फोट!

शेवटी भागाकार मांडला. किंमत भागिले वापराचे दिवस. रोज वापरली, पाच वर्षं टिकली, तर फुकटातच पडते की! नवरा म्हणाला, "या हिशेबाने जुनी अजून वापरलीस तर आणखी फुकट पडेल." गणित येणाऱ्या माणसाशी लग्न करू नये.

खरा घोळ किमतीचा नाहीच. स्वस्त पर्स जमिनीवर टेकवता येते, महागडी कपाटात राहते. मधल्या किमतीची मात्र मांडीवर घ्यावी लागते. पाऊस आला की आपण भिजायचं आणि तिला पदराखाली घ्यायचं. एवढं करून कुणी विचारत नाही, "कुठली गं?"

विमानात एरमेस या महागड्या फ्रेंच ब्रँडच्या प्रमुखांशेजारी बसलेल्या जेन बर्किन या अभिनेत्रीने गाऱ्हाणं घातलं की सगळं मावेल अशी बॅगच मिळत नाही. १९८४ मध्ये तिच्या नावाची बॅग आली. माझं गाऱ्हाणं तेच आहे. माझ्या शेजारी बसमध्ये घोरणारे काका असतात.

तरीही एक ठरली. तपकिरी, फुल ग्रेन, शिवण सरळ, चेन गुळगुळीत. घरी येऊन मोजपट्टी काढली. चष्म्याचं घर बसतं, किल्ल्या बसतात, तीन न चालणारी पेनंही बसतात. पाण्याची बाटली दोन बोटं वर राहते.

आई म्हणाली, "अगं, मग छोटी बाटली घे."

कालपासून बाटल्या बघतेय. स्टीलच्याच आहेत, पण त्यातही म्हणे दोन थरांची वेगळी, एका थराची वेगळी.